एक लांब, दोन आखूड

निवृत्त मास्तराच्या घरात दुरुस्त करण्याजोगं काही उरलं नाही, की तो आधी एखादी धड वस्तू बिघडवतो आणि मग तिच्या दुरुस्तीला बसतो. हे मत माझं नाही, आमच्या हिचं आहे. तिनं ते न्हाणीतल्या तोटीकडं बघत मांडलं होतं. मी वायसर बदलल्यापासून ती तोटी उघडते बरी, पण मिटत मात्र नाही, त्यामुळं तिच्याखाली कायमची एक बादली असते, आणि ती भरली की जवळ जो कोणी असेल, मग तो पाहुणा का असेना, त्यानं ती उचलून कढीपत्त्याला घालायची असा आमच्याकडं नियमच होऊन गेला आहे. इस्त्रीचं सांगत नाही. भिंतीवरच्या घड्याळाचंही सांगत नाही. संगणकाचं मात्र सांगतो, कारण त्याला झालेला आजार एकच होता आणि तोही किरकोळ. बाकीचे सगळे माझ्या उपचारांनी झाले.

हा संगणक मी नोकरीत असताना उदगीरच्या एका दुकानातून जुळवून घेतला होता. एमएस-सीआयटी 2001 साली निघालं, बघता बघता त्याचा संबंध वेतनवाढीशी लागला, आणि आम्हा प्रौढ मास्तरांना आमच्याच माजी विद्यार्थ्यांच्या हाताखाली, आमच्याच आजी विद्यार्थ्यांच्या शेजारी बाकावर बसून तो कोर्स करावा लागला. मला त्यातलं चित्र काढायचं चांगलं जमायचं. मी मोठ्या हौसेनं एक आंबा काढला, देठाशी पान काढलं, पिवळा रंग ओतला, तर शिकवणारा पोरगा मागून येऊन म्हणाला, "सर, बदक छान आलंय." पास झालो. संगणक चालवायचा कसा हे त्या कोर्सात होतं. उघडायचा कसा हे नव्हतं, आणि ते नव्हतं यामागं काही विचार असणार हे मला फार उशिरा सुचलं.

निवृत्तीनंतर मी त्याच्यावर देवणी बैलाविषयी एक छोटेखानी पुस्तक टंकायला घेतलं. आमचं गाव 1999 साली तालुका झालं, पण त्याच्या कितीतरी आधीपासून ते जनावरांच्या नावानं देशभर पोचलेलं आहे. माणूस देवणीचा आहे म्हटलं की बाहेरगावचे लोक आधी बैलांची चौकशी करतात आणि उरलेल्या वेळात माझी. या जातीत तीन वाण. वानेरा, म्हणजे अंग पांढरंशुभ्र आणि तोंडाच्या बाजूला काळा रंग. बालंक्या, म्हणजे पांढराच, पण पोटाखालच्या अंगाला काळे ठिपके. आणि शेवरा, म्हणजे अंगभर वेडेवाकडे काळे-पांढरे डाग. एवढं मी पुस्तकात वाचून लिहिलं होतं. पुढचं सगळं सांगायला शेजारचे मामा होते. मामांनी उभा जन्म हेडीपणात, म्हणजे जनावरांच्या खरेदी-विक्रीत घालवलेला. हाळी-हंडरगुळीचा बाजार आणि माळेगावची खंडोबाची यात्रा त्यांनी इतक्या वेळा केली आहे, की रुमालाखाली बोटं धरून सौदा करायची सवय आता हाडात मुरली आहे, आणि भाजीवालीनं मेथी दहाला म्हटली तरी मामांचा हात आपोआप खांद्यावरच्या उपरण्याकडं जातो. ते रोज सकाळी ओसरीवर येऊन बसत, मी विचारी आणि टंकी.

एके दिवशी सकाळी संगणक चालू केला, तर काळ्या पडद्यावर इंग्रजीत काहीतरी येऊन थांबलं. सीमॉस चेकसम की काय, त्यात चूक आहे, पुढं जायचं तर एफ-वन दाबा. मी दाबला. पुढं गेला. खालच्या कोपऱ्यात तारीख होती 1 जानेवारी 2009. मी ती नीट केली आणि कामाला लागलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही. आता सुज्ञ माणसानं या टप्प्यावर कोणालातरी विचारलं असतं, पण मला त्याची सवय झाली, इतकंच नाही तर गंमत वाटू लागली. 2009 साली मी नोकरीत होतो, गुडघे शाबूत होते, आणि चष्मा फक्त वाचायला लागायचा. मी हिला म्हणालो, "हा संगणक मला रोज सकाळी सेवेत परत घेतो बघ." ही तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मग पगाराचा फरकही काढायला सांगा त्याला."

त्यातही एक समाधान होतं, की तो 2009 पाशी थांबत होता. आमचा हा मुलूख 1982 पर्यंत उस्मानाबाद जिल्ह्यात, 1956 पर्यंत बीदर जिल्ह्यात आणि 1948 च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात होता. संगणक आणखी मागं सरकला असता तर मला ते पुस्तक उर्दूत लिहावं लागलं असतं.

गंमत संपली नोव्हेंबरात. नोव्हेंबर हा पेन्शनवाल्यांनी आपण जिवंत असल्याचा पुरावा देण्याचा महिना. रांगेत उभं राहण्याऐवजी घरबसल्या काही माहिती काढावी म्हणून मी संकेतस्थळ उघडायला गेलो, पण घाईत त्या दिवशी तारीख नीट करायची राहिली होती, तर पडद्यावर भलंमोठं घड्याळाचं चित्र आलं आणि खाली मजकूर, की तुमचं घड्याळ मागं पडलं आहे. तीस-बत्तीस वर्षं शाळेची घंटा सांभाळलेल्या माणसाला हे ऐकून घ्यावं लागलं. संकेतस्थळांकडं म्हणे ओळखपत्रं असतात आणि त्यांना मुदत असते. आपला संगणक 2009 मध्ये उभा असेल, तर आजची ओळखपत्रं त्याला अजून जन्मालाच न आलेली दिसतात, म्हणून तो दार उघडत नाही. म्हणजे मी जिवंत असल्याचं सांगायला गेलो आणि माझ्याच संगणकानं समोरच्याचा जन्म नाकारला.

पुण्याला लेक असते, आयटीत. तिला फोन केला. ती म्हणाली, "बाबा, काही नाही, मदरबोर्डवरचा सेल गेलाय. नाण्याएवढा असतो. लाइट नसताना घड्याळ आणि सेटिंग तोच सांभाळतो. एरवी बोर्डाचं बटण चालू असेल तर त्याच्यावर भार पडत नाही. तुम्ही रात्री काय करता?"

मी रात्री घरातली सगळी बटणं बंद करतो. फ्रिजचं सोडून, आणि तेही हिनं त्यावर चिकटपट्टी लावली म्हणून.

"मग झालं तर," लेक म्हणाली. "तुमच्या काटकसरीनं मेला बिचारा. तीस-चाळीस रुपयांचा सेल आहे, कोणालातरी बोलावून बदलून घ्या."

या वाक्यातला 'कोणालातरी बोलावून' हा भाग फोनमध्ये अडकला असावा. माझ्यापर्यंत पोचला तो 'बदलून घ्या' एवढाच.

सीपीयूचा डबा ओसरीवर आणला, मागचे स्क्रू काढले, बाजूचं पत्र्याचं झाकण सरकवलं, आणि आम्ही सगळेच थोडा वेळ गप्प बसलो. आत धूळ होती म्हणणं हा त्या धुळीचा अपमान आहे. दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे सोयाबीनची मळणी यंत्रं सुरू झाली की आमच्याकडं आभाळ पिवळं होतं, आणि इतक्या वर्षांची ती सगळी रास पंख्यानं आत ओढून व्यवस्थित थप्पी लावून ठेवली होती. त्यात कोळ्याची जाळी होती, पालीची दोन अंडी होती, एक मेलेली गांधीलमाशी होती. शिवाय पुढच्या बाजूला सीडीच्या जागेचं झाकण पडल्यापासून तिथं जी फट होती, तिचा उपयोग आमच्या नातवानं उन्हाळ्याच्या सुट्टीत टपालपेटी म्हणून केलेला होता. त्यातून एक लाइटबिल निघालं, सोनपापडीचा पुट्ठा निघाला, सापशिडीतल्या दोन सोंगट्या निघाल्या, आणि माझी निवृत्तीच्या समारंभात मिळालेली, कामवालीवर संशय घेऊन झालेली पेनची टोपी निघाली.

मामा वाकून बघत म्हणाले, "गुर्जी, ह्येच्यापक्षा गोठा बरा की."

सेल दिसत होता. चकचकीत, गोल, कोपऱ्यात. पाच मिनिटांचं काम. पण अशा डब्यात नवा सेल घालणं म्हणजे आंघोळ न केलेल्याला नवा सदरा घालणं, असं मला वाटलं आणि मी आधी सफाई करायचं ठरवलं. फुंकर मारून पाहिली, ती सगळी माझ्याच डोळ्यांत आली. केरसुणी पोचेना. रंगाच्या ब्रशनं धूळ एका भागातून दुसऱ्या भागात गेली, तिची बदली झाली, निवृत्ती झाली नाही. मग मला पंक्चरच्या दुकानातलं हवेचं यंत्र आठवलं. स्कूटीवर मी पुढं, मागं मामा, मामांच्या मांडीवर उघडा सीपीयू, अशी आमची वरात भर बाजारातून निघाली. वाटेत माझे तीन माजी विद्यार्थी भेटले, तिघांनी नमस्कार केला आणि तिघांनीही काही विचारलं नाही, यावरून मी त्यांच्यावर संस्कार चांगले केले होते असं मानायला हरकत नाही.

दुकानातल्या पोरानं डब्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, नळी हातात घेतली आणि अगदी प्रामाणिकपणे विचारलं, "सर, किती भरू?"

हवा सुटली. सगळं दुकान पिवळं झालं. पंखा आयुष्यात फिरला नव्हता असा फिरला, पत्रा थरथरला, एक सोंगटी राहिली होती ती उडून समोरच्या चहाच्या टपरीवर गेली. पुढं लेकीनं सांगितलं, की असं करू नये, पंखा बोटानं धरून ठेवायचा असतो आणि त्या यंत्राच्या हवेत पाणीही असतं. हवेत पाणी असतं हे मी भूगोलात शिकवलेलं आहे.

येताना घड्याळवाल्याकडं सेल घ्यायला थांबलो. जुना सेल नमुना म्हणून बरोबर नेण्याइतकी अक्कल मी वापरली होती, तो फक्त हवेच्या झोतात कुठं गेला ते सापडलं नाही. घड्याळवाल्यानं काचेवर दोन सेल ठेवले, दिसायला सारखेच, आणि विचारलं, "सर, 2025 पाहिजे का 2032?"

आता तुम्हीच सांगा. साल तेव्हा 2025 चालू. घरातला संगणक साल विसरलेला. मी असा हिशेब केला, की 2025 म्हणजे चालू वर्षाचा ताजा माल, आणि 2032 हा पुढचा, आपल्याला सात वर्षं घाई कशाला? शिवाय 2009 मध्ये अडकलेल्याला एकदम 2032 सालात नेलं तर ते त्याला झेपेल का, अशीही एक काळजी मनात येऊन गेली. मी 2025 घेतला. त्या आकड्यांत पहिले दोन हे सेलचा व्यास असतात, 20 मिलिमीटर, आणि पुढचे दोन जाडी, म्हणजे एक अडीच मिलिमीटर आणि दुसरा 3.2, हे ज्ञान मला त्याच संध्याकाळी मिळायला हवं होतं. ते यायला वेळ लागला, कारण मध्ये बरंच काही व्हायचं होतं.

सेल बसवला, तारा जोडल्या, उदबत्ती हिनं आपणहून लावली. बटण दाबलं. दिवा लागला, पंखा फिरला, पडदा काळाच राहिला, आणि आतून आवाज आला. बीऽऽऽप. थांबला. पुन्हा बीऽऽऽप. हिनं स्वयंपाकघरातून ओरडून सांगितलं, "अहो, टेम्पो मागं घ्यायलेत कोणीतरी, गाडी काढा दारातली."

संगणक चालू होताना आधी स्वतःची तपासणी करतो, हे मला तेव्हा कळलं. बटण दाबल्यावर शाळेतल्या हजेरीसारखं एकेकाचं नाव घेतलं जातं. प्रोसेसर? हजर. रॅम? कीबोर्ड? आणि पडदा चालू व्हायच्या आधीच कोणी गैरहजर निघालं, तर ते लिहून दाखवायची सोय नसते, म्हणून तो आवाज काढून सांगतो. किती लांब, किती आखूड, त्यावरून आजार ओळखायचा. कंपनीगणिक हे संकेत वेगळे असतात. पण बऱ्याच ठिकाणी एक लांब आणि दोन आखूड म्हणजे पडद्याच्या कार्डाची तक्रार, आणि थांबून थांबून नुसतेच लांब म्हणजे रॅमची.

हे सगळं लेक फोनवर सांगत होती. ती म्हणाली, "बाबा, फोन सीपीयूजवळ धरा, मला ऐकू द्या." मी फोन धरला, आणि नेमकी त्याच क्षणी लाइट गेली. लाइट गेली तरी आपला संगणक चालू राहतो, कारण आपल्याकडं यूपीएस आहे, याचा मला त्या अवस्थेतही अभिमान वाटला. लेकीनं बराच वेळ ऐकलं. मग म्हणाली, "एक लांब, दोन आखूड. एक लांब, दोन आखूड. बाबा, ग्राफिक्स कार्ड. ते काढून पुन्हा बसवा."

आम्ही ग्राफिक्स कार्ड शोधू लागलो. ते कसं दिसतं हे तिनं सांगितलं, उभं असतं, पंखा असतो, पडद्याची निळी वायर त्यालाच लागते. आमच्या डब्यात असं काही उभं नव्हतं. मी मोबाइलच्या उजेडात सगळे कानेकोपरे बघितले. मग मला दाट संशय आला, की ते पंक्चरच्या दुकानात उडालं. स्कूटी काढून मी अंधारात जाऊन आलो. पोरानं चिमटा घेऊन माझ्याबरोबर रस्त्यावर शोधलं, टपरीवाल्यानं बाकडी उचलून बघितली, आणि आम्हाला तिथं एक सोंगटी, एक नट आणि कोणाचा तरी दात सापडला. कार्ड नव्हतं. ते कधी नव्हतंच. आमच्या संगणकात पडद्याची व्यवस्था मदरबोर्डवरच केलेली होती.

परत आलो तर मामा अंधारात ओसरीवर डोळे मिटून बसले होते. मला वाटलं झोपले. पण त्यांनी एक बोट वर केलं.

"गुर्जी, काय करायलाव? बसा की जरा. ऐका. ही दोन जनावरं हंबरायलेत. येक डब्यात, येक टेबलाखाली. डब्यातलं लांब हंबरायलंय. टेबलाखालचं बारीक हाय, वासरू असंल."

टेबलाखाली यूपीएस होता. लाइट गेली की तो 'माझी बॅटरी संपत आली, बंद करा' म्हणून टुकटुक करतो. एक लांब संगणकाचा, दोन आखूड यूपीएसचे, आणि त्या दोघांनी मिळून पुण्यातल्या एका शिकल्यासवरल्या इंजिनिअरला अशा भागाचं निदान करायला लावलं होतं, जो भाग आमच्या घरात नव्हताच. बाजाराच्या गलक्यात खोकणारा बैल कोणता हे ओळखणाऱ्या माणसाला आमचा यूपीएस काय चीज! मी लेकीला कळवलं, की फक्त लांब आहेत. ती म्हणाली, "मग रॅम. काढा, टोकाची सोनेरी पट्टी खोडरबरानं हलक्या हातानं पुसा, परत बसवा."

खोडरबर म्हटल्यावर माझा आत्मविश्वास एकदम परत आला. उभ्या नोकरीत मी पोरांची एवढी खोडरबरं जप्त केलेली आहेत, की त्या विषयातला अधिकारी माणूस म्हणून जिल्ह्यात माझं नाव घ्यायला हरकत नाही. दोन जीबीच्या दोन रॅम होत्या. पहिली मी पांढऱ्या मऊ खोडरबरानं पुसली, छान निघाली. मग ते खोडरबर हातातून सुटून बादलीत पडलं, ती तोटीखालची बादली कोणीतरी ओसरीवर आणून ठेवली होती. म्हणून दुसऱ्या रॅमला मी पेटीतलं लाल-निळं जुनं खोडरबर घेतलं, आणि त्याची निळी बाजू वापरली. ती शाई खोडायची. तुम्हाला आठवत असेल, त्या बाजूनं शाई जात नसे, कागद जात असे. मी मन लावून घासलं. डाग गेले, चमक आली, आणि थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं की चमक खोडरबरावर आली आहे. सोनं इकडं आलं होतं.

रॅम बसवताना दोन्ही बाजूंच्या कड्या 'कट' असा आवाज करून मिटेपर्यंत दाबायची असते. मी भिऊन अर्धीच दाबत होतो, तर मामा म्हणाले, "द्या इकडं," आणि नाथ ओवावी तसा अंगठा देऊन त्यांनी ती एका दमात बसवली. पहिली रॅम लागली. हंबरणं थांबलं, एकच छोटासा, समाधानाचा टिक आला. दुसरी लावली की पुन्हा हंबरडा. ती गेली ती गेलीच. चारचे दोन जीबी राहिले. सरकार निवृत्तांना शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मी पेन्शन देतं, तेव्हा निवृत्ताच्या संगणकाला निम्मी रॅम यात तक्रारीला जागा नाही, असं मी हिला समजावलं. ही म्हणाली, "डोकंही निम्मंच दिलं का?"

पडदा उजळला. आणि त्यावर इंग्रजीत आलं, डिस्क बूट फेल्युअर. सिस्टिम डिस्क घाला आणि एंटर दाबा.

'फेल्युअर' हा शब्द मास्तराला समजावून सांगावा लागत नाही. डिस्क गेली. म्हणजे पुस्तक गेलं. वानेरा गेला, बालंक्या गेला, शेवरा गेला, मामांनी बोटं धरून शिकवलेली सौद्याची सगळी खूणभाषा गेली. त्याची दुसरी प्रत कुठं ठेवली होती असं लेकीनं विचारलं, आणि मी सांगितलं, की ठेवली होती ना, त्याच डिस्कवर, दुसऱ्या फोल्डरमध्ये. पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही. गल्लीत बातमी पोचली. शेजारणी आल्या, त्यांना नेमकं कोण गेलं हे कळेना, पण माझा चेहरा बघून त्या पदर डोक्यावर घेऊन बसल्या. हिनं चहा टाकला. कोणीतरी म्हणालं, हैदराबादला पाठवलं तर डिस्कमधलं काढून देतात. कोणीतरी म्हणालं, पैसे फार घेतात. मामांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "गुर्जी, बैल गेला तर दावं तरी ऱ्हातंय. तुमचं तर दावंबी मशिनीतच."

चहा झाला, कपबशा गेल्या, आणि ही बाहेर येऊन म्हणाली, "तुमचं उरकलं असेल तर माझी भजनं द्या. उद्या एकादशी आहे, टीव्हीला लावायचीत." मी म्हटलं, कसली भजनं? तर तिनं वाकून सीपीयूच्या मागून आपला पेनड्राइव्ह उपसला, पदराला पुसला आणि आत गेली. जाता जाता तिचा धक्का लागून संगणक बंद-चालू झाला असेल, की मीच वैतागून बटण दाबलं असेल, ते आठवत नाही. संगणक मात्र चालू झाला. समोर पुस्तक. पान उघडलं तिथं शेवरा उभा, डागासकट.

याचं कारण नंतर कळलं ते असं. जुना सेल मेल्यापासून संगणक रोज आपली सगळी सेटिंग विसरून कारखान्यातून आला तसा होत होता, आणि चालू व्हायला लागणारा माल आधी कुठं शोधायचा, हा क्रमही बदललेला होता. त्या दिवशी मागं पेनड्राइव्ह होता, म्हणून तो आधी त्याच्याकडं गेला. तिथं त्याला हरिपाठ मिळाला. हरिपाठातून विंडोज सुरू होत नाही, म्हणून त्यानं फेल्युअर लिहिलं. डिस्क बिचारी शेजारी धडधाकट बसून होती, तिला कोणी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी विजयी मुद्रेनं बटण दाबलं. सीमॉस चेकसम. एफ-वन दाबा. 1 जानेवारी 2009. अडीच मिलिमीटरचा सेल 3.2 च्या खोबणीत हलत होता, आणि त्याला वाटेल तेव्हा टेकत होता. घड्याळवाल्याकडं परत गेलो, 2032 घेतला, आणि या वेळी तो मी बसवला नाही. उदगीरहून एक पोरगा दुसऱ्या कोणाच्या तरी प्रिंटरसाठी आलेला होता, त्याला हिनं रस्त्यातच गाठून घरात आणलं. त्यानं जुना काढून नवा घातला, तारीख लावली, पेनड्राइव्ह मागं घातलेला असला तरी अडणार नाही अशी सेटिंग करून दिली, पुस्तकाची एक प्रत मेलमध्ये टाकली, आणि चहा निवायच्या आत मोकळा झाला. पैसे विचारले तर नको म्हणाला. जाताना तोटीही बघितली, पण तिला हात लावला नाही.

आता सगळं सुरळीत आहे. बोर्डाचं बटण रात्री चालूच असतं, त्यावर हिनं चिकटपट्टी लावली आहे. पुस्तक संथपणे पुढं चाललं आहे, कारण दोन जीबीत एका वेळी एकच बैल उघडतो. तरी वाचकांपैकी कोणाच्या घरी जुन्या संगणकातली डीडीआर-थ्रीची दोन जीबी रॅम पडून असेल तर देवणीला जरूर कळवावं. बदल्यात एक 2025 चा सेल देईन, फारसा न वापरलेला. आणि रॅम बसवायला मामा येतील, मी येणार नाही.